फोन कंप मोजतो, म्हणजे नेमके काय मोजतो?

हाताचा कंप, हालचालींतला मंदपणा आणि चालण्यातले बिघाड मोजायला वैद्यकीय संशोधनात आता साधा मोबाइल वापरतात, असे आम्ही मागच्या अंकात लिहिले होते. त्यावर अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

गुहागरहून एक वाचक: माझ्या वडिलांना चार वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. दर चार महिन्यांनी मुंबईला दाखवायला नेतो. या खेपेला डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल विचारले. घरी रोज फोनवर मोजमाप करायचे आहे. फोनला हाताचा कंप कळतो कसा? आणि डॉक्टर डोळ्यांनी बघतातच, मग फोन कशासाठी?

फोनमध्ये काही मिलिमीटरची एक चिप असते, अ‍ॅक्सेलरोमीटर. तिच्यात सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा पातळ पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्टीपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्याबरोबर विजेची धारिता बदलते. ती मोजून फोन त्वरण सांगतो. म्हणजे फोन ‘कंप’ मोजत नाही. वेग किती झपाट्याने बदलला तेवढेच तो मोजतो. टेबलावर निश्चल ठेवलेला फोनही शून्य दाखवत नाही, गुरुत्वाकर्षणामुळे ९.८ च्या आसपास दाखवतो (एकक मीटर प्रति सेकंद वर्ग, पुढचे त्वरणाचे सगळे आकडे याच एककात). कोकणच्या अक्षांशावर हा आकडा ९.७८ च्या जवळ येतो. हात नुसता ५ अंशांनी कलला तरी आडव्या दिशेच्या आकड्यात ०.८५ ची भर पडते, आणि हलका कंपही तेवढाच असू शकतो. म्हणून कलणे आणि कापणे वेगळे काढावे लागते. कलणे संथ असते, कापणे जलद. गाळणी लावून संथ भाग काढून टाकला की कंप उरतो. जायरोस्कोप नावाची दुसरी चिप फिरण्याचा वेग मोजते. मनगट वळवणारा कंप तिच्यात स्वच्छ दिसतो.

दर सेकंदाला हात किती वेळा मागेपुढे होतो, याला हर्ट्झ म्हणतात. पार्किन्सन्समधला, हात मांडीवर स्वस्थ असताना येणारा कंप बहुधा ४ ते ६ हर्ट्झचा असतो. हात उचलून धरल्यावर किंवा कपबशी घेतल्यावर दिसणारा ‘इसेन्शियल ट्रेमर’ ४ ते १२ मध्ये कुठेही असतो. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या हाताला असलेला, डोळ्यांना न दिसणारा कंप साधारण ८ ते १२ चा. उभे राहिल्यावर पायांत येणारा एक विरळ कंप १३ ते १८ पर्यंत जातो. हे पट्टे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. निदान न्यूरॉलॉजिस्टच करतात.

आता डोळ्यांचे. तपासणीत डॉक्टर जी मोजपट्टी वापरतात तिचे नाव एमडीएस-यूपीडीआरएस, २००८ ची. तिच्यात प्रत्येक बाबीला ० ते ४ गुण असतात. हाताचा विश्रांतीतला कंप १ सेंटिमीटरपर्यंत असेल तर १ गुण, १ ते ३ सेंटिमीटरला २, ३ ते १० ला ३ आणि त्यावर ४. आता समजा औषधाने कंप ९ सेंटिमीटरवरून ४ वर आला. निम्म्याहून जास्त उतरला, वडिलांना घास तोंडापर्यंत नेता येऊ लागला, आणि गुण मात्र ३ चे ३ च राहिले! औषधाचा उपयोग होतो की नाही हे ठरवणाऱ्या अभ्यासात हा फरक हरवणे परवडत नाही. दुसरे असे, की रात्रभर एसटीत बसून, झोपमोड होऊन, दवाखान्याच्या बाकावर दोन तास काढून माणूस डॉक्टरांसमोर जातो. ताणाने कंप वाढतो, गोळीची वेळ चुकलेली असते. चार महिन्यांतली ती पंधरा मिनिटे म्हणजे तुमच्या वडिलांचे रोजचे जगणे नव्हे. घरी, रोज, ठरल्या वेळी घेतलेली नोंद ही उणीव भरून काढू शकते. मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्यांना तिचे मोल अधिक.

चिपळूणहून एक वाचक: आम्ही कुठल्या अभ्यासात नाही. पण आईच्या हाताचा कंप घरीच मोजून वहीत ठेवायचा आहे. करता येईल का? कसे?

येईल. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी केलेले ‘फायफॉक्स’ हे ॲप मोफत आहे, आणि त्यात त्वरणाचा वर्णपट, म्हणजे किती हर्ट्झचा कंप किती जोराचा आहे त्याचा आलेख, दाखवणारे साधन आहे. ते वैद्यकीय उपकरण नाही, पण घरच्या वहीला पुरते.

खुर्ची हातांची असू द्या, पाय जमिनीला टेकलेले. फोनचे जाड कव्हर काढा. फोन हाताच्या पाठीवर ठेवून ७.५ सेंटिमीटर रुंदीच्या इलॅस्टिक क्रेप बँडेजने तळव्याभोवती दोन-तीन वेढे द्या. बँडेजखाली एक बोट सरकेल इतकेच घट्ट. इथे एक चूक हटकून होते. फोन मनगटाच्या सांध्यावरून खाली गेला की तो मोडक्या हाताला बांधायच्या फळीसारखे काम करतो, सांधा आवळला जातो आणि कंप दबतो. म्हणून फोनची खालची कड मनगटाच्या घडीच्या अलीकडेच, हाताच्या बाजूला राहायला हवी. फोन मुठीत धरायला देऊ नका. पार्किन्सन्समध्ये अंगठा आणि बोटे गोळ्या वळल्यासारखी हलतात, मूठ आवळली की तो कंप नाहीसा होतो. फोन शक्य तितका लहान घ्या. २०० ग्रॅमचे वजन हातावर बांधले की निरोगी हातातल्या कंपाची गती थोडी उतरते. मेंदूतून उगम पावणारा कंप वजनाने सहसा गती बदलत नाही. न्यूरॉलॉजिस्ट हातावर अर्धा-एक किलोचे वजन लावून दोन कंपांतला फरक ओळखतात तो याच तत्त्वावर.

मग तीन नोंदी, प्रत्येकी ३० सेकंदांच्या. ॲपमधल्या ‘टाइम्ड रन’ने ५ सेकंद उशिरा सुरू होईल असे लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का नोंदीत येणार नाही. पहिली नोंद हात मांडीवर सैल सोडून. हात खुर्चीच्या दांड्यावर नको, दांडा कंप शोषतो. दुसरी नोंद तशीच, पण आईंना शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजायला सांगा. जमत नसेल तर वार उलटे म्हणू द्या. मन गुंतले की विश्रांतीतला कंप उघडा पडतो, पहिल्या नोंदीत शांत वाटलेला हात इथे बोलतो. तिसरी नोंद दोन्ही हात समोर सरळ धरून. डावा आणि उजवा हात वेगवेगळा मोजा.

वर्णपटात एखाद्या ठिकाणी उंच शिखर दिसेल. ते कुठल्या हर्ट्झवर आहे ते लिहा. ॲपने सेकंदाला १०० च्या गतीने १०२४ आकडे घेतले, म्हणजे सुमारे १० सेकंदांचे, तर ०.१ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. दोन सेकंदांच्या तुकड्यात अर्ध्या हर्ट्झपेक्षा बारीक काही कळत नाही. १ हर्ट्झच्या खालचे शिखर श्वासाचे किंवा हात हळूहळू सरकल्याचे असते, ते सोडून द्या.

त्वरणावरून सेंटिमीटर काढायचे असतील तर त्वरणाला (२ × ३.१४ × हर्ट्झ) च्या वर्गाने भागा. ५ हर्ट्झला कंसातली किंमत ३१.४, तिचा वर्ग ९८६. त्वरणाचे टोक ४.९ असेल तर उत्तर ०.००५ मीटर, म्हणजे एका बाजूला ५ मिलिमीटर आणि टोकापासून टोकापर्यंत १ सेंटिमीटर. तेच ४.९ जर ८ हर्ट्झवर आले, तर हात एका बाजूला २ मिलिमीटरसुद्धा हलत नाही. जलद कंप फोनवर मोठा दिसतो आणि डोळ्यांना बारीक. त्यामुळे दोन वेगळ्या गतींच्या कंपांचे नुसते त्वरण शेजारी ठेवून ‘हा जास्त, तो कमी’ असे म्हणू नका.

वहीत तारीख, वेळ, शेवटच्या गोळीनंतर किती मिनिटे झाली, चहा घेतला का, झोप कशी झाली आणि दम्याचा पंप ओढला का, हे लिहा. चहा आणि पंपातले सालब्युटामॉल दोन्ही कंप वाढवतात. सकाळची गोळी घेण्याआधी एकदा आणि तासाभराने एकदा, अशी जोडी सर्वांत उपयोगी. मात्र मोजमापासाठी गोळी कधीही पुढे ढकलू नका.

मालवणहून एक वाचक: माझे काका मच्छीमार. उजवा हात मंद झालाय. अभ्यासात फोनवर दोन गोल येतात, त्यांवर आलटून पालटून बोटे आपटायची. काका आपटतात, पण फोन अर्धे मोजतच नाही. आणि बोटीवर असताना चाचणी केली तर चालते का?

दोष काकांच्या बोटांत नाही. स्क्रीन बोटाचा दाब ओळखत नाही, त्वचेतून होणारा विजेचा किंचित बदल ओळखते. जाळी ओढून घट्टे पडलेली कोरडी त्वचा हा बदल कमी करते. उलट, खाऱ्या पाण्याने किंवा घामाने ओल्या झालेल्या बोटांनी स्क्रीनवर नसलेले स्पर्श उमटतात. आधी जाड काचेचा स्क्रीनगार्ड काढा. हात साबणाने धुऊन कोरडे पुसा, दोन-चार मिनिटे जाऊ द्या. बोटाचे टोक कठीण असेल तर पेराचा मऊ भाग टेकवायला सांगा. फोन टेबलावर रबरी चटईवर ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. मनगट टेकलेले हवे, नाहीतर माणूस बोटांऐवजी कोपरातून हात आपटतो आणि मंदपणा झाकला जातो.

ही चाचणी बहुधा २० सेकंदांची असते. एकूण किती ठोके पडले यापेक्षा ते कसे पडले ते बघावे. पार्किन्सन्समध्ये सुरुवात बरी होते आणि मग ठोके लहान, संथ, अडखळते होत जातात. पहिल्या १० सेकंदांचे आणि शेवटच्या १० सेकंदांचे ठोके वेगळे मोजले की ही घसरण दिसते. दोन ठोक्यांमधले अंतर किती कमीजास्त होते तेही बघावे. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक ठोक्याच्या वेळेत सुमारे १७ मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो, तो धरून चालावा. पहिल्या काही दिवसांत सरावाने आकडा वाढतोच. त्याला औषधाचा गुण समजू नये. चांगल्या अभ्यासात सुरुवातीचे दिवस सरावाचे म्हणून बाजूला ठेवतात.

बोटीवर नको. लाटेचा हेलकावा संथ असतो, तो गाळता येतो. इंजिनाचे तसे नाही. इंजिनाचा हादरा २५ हर्ट्झचा असेल आणि ॲप सेकंदाला ३० च नोंदी घेत असेल, तर आलेखात ५ हर्ट्झवर खोटे शिखर उभे राहू शकते. ५ हर्ट्झ म्हणजे नेमका पार्किन्सन्सचा पट्टा! रिक्षा, एसटी आणि दाभोळची फेरीबोट यांनाही हेच लागू. चाचणी घरीच, जमिनीवर.

सावंतवाडीहून एक वाचक: सासूबाईंच्या चालण्याची नोंद करायची आहे. सूचनेत ‘फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा’ असे लिहिले आहे. त्या नऊवारी नेसतात. फोन ठेवायचा कुठे?

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि सूचना लिहिणाऱ्यांनी तो आधीच विचारायला हवा होता. खिसा गृहीत धरला की लुगड्यातल्या बायका अभ्यासातून आपोआप गळतात.

फोन कमरेच्या मागे, मणक्याच्या खालच्या टोकाशी बांधा. शरीराचा मध्य तिथून जवळ असतो. चार बोटे रुंदीचा इलॅस्टिकचा पट्टा आणि फोनला अगदी फिट बसणारी चेनची पिशवी घ्या. लुगड्याच्या वरून बांधली तरी चालेल, पण गाठीवर किंवा काष्ट्याच्या घड्यांवर नको. पिशवी सैल असली की प्रत्येक पावलाला फोन एकदा उडतो आणि एकदा आपटतो. त्याने एका पावलाची दोन पावले मोजली जातात. तपासायला सोपे आहे. तुम्ही स्वतः मोजा, वीस पावलांना फोनने वीसच सांगायला हवीत. नऊवारी आणि पाचवारीत पाऊल सारखे पडत नाही. जे नेसून पहिली नोंद केली तेच पुढे ठेवा. चप्पल की अनवाणी हेही एकदा ठरवा.

पाखाडीवर चाचणी करू नका, चिऱ्याच्या पायऱ्या सारख्या नसतात आणि पावसात शेवाळ असते. लांब ओटी, पडवी किंवा सारवलेले सपाट अंगण घ्या, वीस पावले तरी सरळ चालता यायला हवे. अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. उघड्यावरही ते काही मीटरांनी चुकते, माडापोफळीखाली आणखी. वीस पावले चालून वळायचे, वीस पावले परत यायचे, मग ३० सेकंद स्वस्थ उभे राहायचे. गती काढताना पहिली आणि शेवटची दोन पावले सोडा, तिथे माणूस वेग घेत किंवा सोडत असतो. साधे चालणे मिनिटाला १०० ते १२० पावलांचे असते. वळण वेगळे बघा, किती सेकंद लागले आणि किती पावले पडली. रोगाची चाहूल पुष्कळदा सरळ चालण्याआधी वळणावर लागते. एक जण कायम सासूबाईंच्या बाजूने, अर्धे पाऊल मागे चालत राहावे. त्यांचा हात धरू नये, पण धरता येईल इतके जवळ असावे.

त्या उंबरठ्याशी आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारख्या थबकत असतील, तर त्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात. पाय थांबलेले दिसतात, पण आत थरथरतात. पायाच्या हालचालीतला ३ ते ८ हर्ट्झचा जोर भागिले ०.५ ते ३ हर्ट्झचा जोर, हे गुणोत्तर २००८ मध्ये मांडले गेले आणि आजही वापरले जाते. ते पोटरीवर बांधलेल्या सेन्सरसाठी होते, कमरेवरच्या फोनमध्ये हा फरक पुसट होतो. त्यासाठी चाचणीत मुद्दाम एक उंबरठा ठेवावा लागतो. मोकळ्या अंगणात फ्रीझिंग बऱ्याचदा दिसतच नाही, आणि मग ‘सासूबाई बऱ्या आहेत’ अशी चुकीची नोंद होते.

राजापूरहून एक वाचक: आवाजाच्या चाचणीत ‘आ’ लांबवायचा असतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना करू का?

नको. पाऊस थांबेपर्यंत थांबा किंवा माजघरात, दार लावून करा. फोन तोंडापासून एक वीत लांब, दर वेळी तेवढाच. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि पार्किन्सन्समधला क्षीण आवाज ओळखण्यात तेवढी चूक घातक ठरते.

कुडाळहून, एका अभ्यासात नोंदी गोळा करणारे: दिवसभराच्या नोंदीत मोठमोठी भगदाडे पडतात. स्क्रीन बंद झाली की नोंद थांबते. काही फोनवर सेकंदाला १०० नोंदी मागितल्या तर ९७ येतात, काहींवर १०४.

अँड्रॉइड ९ पासून मागे गेलेल्या ॲपला अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपची माहिती मिळणे बंद होते. उपाय म्हणजे ‘फोरग्राउंड सर्व्हिस’, सूचनापट्टीवर कायम दिसणारी नोटिफिकेशन ठेवून चालणारी. त्याशिवाय सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती बॅटरीची काटकसर बंद करा. काही कंपन्यांचे फोन यावर आपलीही काटकसर लावतात, ती वेगळी शोधून बंद करावी लागते. फोन सहभागींना देण्याआधी एक रात्र चालवून बघा. अँड्रॉइड १२ पासून सेकंदाला २०० च्या वर नोंदी हव्या असतील तर वेगळी परवानगी लागते, पण कंपासाठी १०० पुरे आहेत.

१०० ही फक्त विनंती असते, फोन जमेल तसे देतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत सेन्सरने दिलेला वेळशिक्काच वापरा, फाइलमध्ये लिहिल्याची वेळ नको. नोंदी क्रमाने समान अंतरावर आहेत असे मानून वर्णपट काढला, तर ९७ च्या फोनवरचे ५ हर्ट्झचे शिखर ५.१५ ला सरकते. आधी वेळशिक्क्यांवरून समान अंतरावर नोंदी बसवा, मग वर्णपट काढा. मोठी फट असलेला तुकडा जोडून घेऊ नका, टाका. किती टाकला ते लिहून ठेवा.

दर फोनची सहा बाजूंची तपासणी करा. कॅरम बोर्डसारख्या सपाट, स्थिर पृष्ठावर फोन सहाही बाजूंवर १०-१० सेकंद उभा-आडवा ठेवा, कडांवर उभा करताना पुस्तकांचा आधार द्या. एका दिशेला ९.९ आणि उलट दिशेला उणे ९.७ आले, तर त्या अक्षात ०.१ ची कायमची चूक आहे. ती वजा करा. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप नसतो, खरेदीआधी बघा. ‘गुरुत्वाकर्षण वजा केलेले त्वरण’ अनेक फोन जायरोस्कोपच्या मदतीने हिशेबाने काढतात, दर कंपनीचा हिशेब वेगळा. संशोधनाला कच्चे त्वरण घ्या. चार्जिंगला लावलेला किंवा उन्हात तापलेला फोन वापरू नका, उष्णतेने शून्य सरकते.

रत्नागिरीहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी: प्रकल्पात १२ पार्किन्सन्सचे रुग्ण आणि १२ निरोगी वर्गमित्र, प्रत्येकाच्या २० नोंदी घेतल्या. या नोंदींवर शिकवलेले संगणकाचे मॉडेल रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे शंभरात पंच्याण्णवच्या वर बरोबर ओळखते. हे प्रसिद्ध करावे का?

अजून नाही. मेहनत वाया गेलेली नाही, पण मॉडेलने काय शिकले ते आधी शोधावे लागेल.

तुम्ही ४८० नोंदी पिसून काही शिकायला आणि काही परीक्षेला ठेवल्या असतील. मग एकाच माणसाच्या नोंदी दोन्हीकडे गेल्या. प्रत्येकाची चालण्याची आणि हात धरण्याची ढब त्याच्या सहीसारखी वेगळी असते. मॉडेल रोग न ओळखता माणूस ओळखते, आणि ‘हा तोच, म्हणजे रुग्ण’ एवढेच सांगते. वाटणी माणसांची करा. एक माणूस पूर्ण बाहेर ठेवायचा, बाकी २३ जणांवर शिकवायचे, असे २४ वेळा. आकडा घसरेल. घसरू द्या, तोच खरा.

शंका मिटवायला एक कसोटी आहे. रुग्ण-निरोगी ही लेबले माणसांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटा, मात्र एका माणसाच्या वीसही नोंदींना एकच लेबल ठेवा. आता लेबलांना काही अर्थच उरला नाही. तरीही तुमच्या जुन्या पद्धतीने मॉडेल चांगले गुण मिळवत असेल, तर ते माणसेच ओळखत होते.

दुसरा घोटाळा वयाचा. वर्गमित्र विशीतले, रुग्ण साठीच्या पुढचे. मॉडेलने म्हातारपण ओळखले असेल. नुसते वय देऊन मॉडेल चालवून बघा, तेवढेच गुण आले तर सेन्सरचा हातभार शून्य. रुग्णांसोबत येणारे जोडीदार आणि त्याच वाडीतले त्याच वयाचे शेजारी घ्या. २०१५ मध्ये आयफोनवर सुरू झालेल्या ‘एमपॉवर’ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही निरोगी सहभागी रुग्णांपेक्षा बरेच तरुण होते आणि पुढच्या संशोधकांना वय जुळवून घ्यावे लागले. त्याच्या नोंदी पात्र संशोधकांना अर्ज करून मिळतात, तुमच्या गाइडमार्फत मागून बघा. तिसरा घोटाळा फोनचा. रुग्णांची नोंद एका फोनवर आणि मित्रांची त्यांच्या-त्यांच्या फोनवर झाली असेल, तर मॉडेल फोन ओळखते.

हे झाल्यावर दोन गोष्टी मोजा. त्याच माणसाची आठवड्याच्या आत दोनदा नोंद घेतली तर आकडा किती जुळतो? आणि प्रशिक्षित तपासनीसाने, फोनचा आकडा न बघता दिलेल्या गुणांशी तो किती मिळतो? औषधांच्या चाचण्यांत सेन्सरचा आकडा मान्य व्हायला याच पायऱ्या चढाव्या लागतात. युरोपच्या औषध नियामकाने ड्युशेन या स्नायूंच्या आजारात घोट्यावरच्या सेन्सरने मोजलेला पावलांचा वेग २०१९ मध्ये दुय्यम निकष म्हणून स्वीकारला आणि मुख्य निकष म्हणून २०२३ मध्ये. तुमच्या २४ जणांवर ‘निदान करणारे ॲप’ असा मथळा देऊ नका. ‘पद्धतीची पूर्वचाचणी’ म्हणा, ती खरीच आहे.

दापोलीहून एक वाचक: कंपवातावर खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण घेतो. अभ्यासवाल्यांना सांगायला हवे का?

हवेच, आणि आजच. त्या बियांत लेव्होडोपा असते, म्हणजे कंपवाताच्या गोळीतले तेच द्रव्य. बीगणिक प्रमाण बदलते. गोळीत लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोहोचावे म्हणून सोबत कार्बिडोपासारखे दुसरे द्रव्य असते, चूर्णात ते नसते. न सांगता घेतले तर फोनवर कंप उतरलेला दिसेल आणि श्रेय भलत्याच औषधाला जाईल. शिवाय एकूण मात्रा वाढून अंग आपोआप हेलकावे खाऊ लागले तर कारण कुणाला कळणार नाही. चूर्ण मनाने बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. भरपूर मासळीच्या जेवणासोबत गोळी घेतली तर प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच वाटेने जायला झगडतात, आणि असर उशिरा होतो. वहीत जेवणाची वेळ लिहा.

अलिबागहून एक वाचक: फोन दिवसभर सोबत ठेवायचा, तर आमचे सगळे जाणे-येणे त्यांना कळणार. सही करण्याआधी काय विचारावे?

माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा, तिथल्या तिथे सही करायची सक्ती नसते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणसांवरच्या अशा संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. समितीचा संपर्क पत्रकात छापलेला हवा. औषधाची चाचणी असेल तर ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, २००९ पासून ते सक्तीचे आहे आणि वेबसाइटवर कुणालाही बघता येते. मग थेट विचारा: लोकेशन घेता का? घेत असाल तर नेमकी जागा, की फक्त किती चाललो ते? आवाजाची मूळ फाइल ठेवता, की त्यातून काढलेले आकडे? आवाजावरून माणूस ओळखता येतो, हाताच्या कंपाच्या फाइलवरून सहजी नाही. माहिती कुठल्या देशात ठेवली जाते? मध्येच सोडले तर आधीच्या नोंदींचे काय होते? डेटापॅकचे पैसे कोण देते? फोनमध्ये गंभीर काही दिसले, म्हणजे वारंवार पडणे वगैरे, तर कुणी फोन करून सांगते का? बहुतेक अभ्यासांत नोंदी त्याच दिवशी कुणी बघत नाही. पडल्यावर मदत मागायला ते ॲप नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

देवगडहून एक वाचक: अभ्यासाच्या मध्यात फोन पाण्यात पडला. नवा घेतला तर आधीच्या नोंदी फुकट जातात का?

जात नाहीत. अभ्यासवाल्यांना फोन बदलल्याची तारीख आणि नवे मॉडेल कळवा. जुना सुरू होत असेल तर दोन्ही फोन पाठीला पाठ लावून रबरबँडने घट्ट बांधा, टेबलावर ठेवून सहा बाजूंची तपासणी करा आणि मग ती जोडी हातात धरून मिनिटभर सावकाश आणि मिनिटभर जोरात हलवा. दोन्हींच्या फाइली पाठवा. त्यांना त्यातून फरक काढता येतो. जुना बंदच पडला असेल तर नव्यावर लागोपाठ सात दिवस, नेहमीच्याच वेळी, गोळीच्या आधी आणि नंतर नोंद करा आणि तो आठवडा वेगळा दाखवायला सांगा. जुना फोन सुकवून चालू झालाच, तर त्यावरची मोजमापे मात्र तपासणीशिवाय वापरू नका. आत ओल राहिलेला सेन्सर आकडे देत राहतो, पण ते बरोबर असतीलच असे नाही.